क्फार एत्झिऑन: जमीन कुणाची आणि राज्य कुणाचं?

मे 2025 मध्ये इस्रायल सरकारनं वेस्ट बँकमध्ये, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या आणि 1967 पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या प्रदेशात, 22 नव्या ज्यू वस्त्यांना मंजुरी दिली. चार महिन्यांनी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनं पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. या बातम्या आल्या की आपल्याकडच्या चर्चेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'ती जमीन मुळात ज्यूंचीच आहे'. दुसरं, 'सगळी जमीन बळकावलेली आहे'. दोन्ही वाक्यं म्हणणारे ठाम असतात. कुठल्या गावाबद्दल, कुठल्या सर्व्हे नंबरबद्दल बोलताय, असं विचारलं की मात्र दोघंही गडबडतात.

म्हणून एकच गाव घेऊ. जेरुसलेमच्या दक्षिणेला, बेथलेहेम आणि हेब्रोन यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात क्फार एत्झिऑन नावाचं किबुत्झ आहे. धार्मिक ज्यूंचं, साधारण हजारभर वस्तीचं. 1967 च्या युद्धानंतर वेस्ट बँकमध्ये उभी राहिलेली ही पहिली इस्रायली वस्ती. मुद्दाम हेच गाव घेतलं, कारण वस्त्यांच्या बाजूनं जो काही सगळ्यात भक्कम दावा करता येतो तो इथे करता येतो. कमकुवत उदाहरण धरून वाद जिंकण्यात काही हशील नाही.

किबुत्झ म्हणजे नेमकं काय?

किबुत्झ म्हणजे सामुदायिक मालकीचं गाव. पहिलं किबुत्झ, देगानिया, 1910 च्या सुमारास गॅलिली सरोवराच्या काठी वसलं. मूळ कल्पना अशी: शेत, गोठा, कारखाना, घरं, गाड्या यांतलं काहीच कुणा एकाचं नाही. ज्यानं त्यानं जमेल ते काम करायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. पगार आला तर तो सामायिक तिजोरीत. जेवण सामायिक भोजनगृहात. महत्त्वाचा निर्णय सर्वसाधारण सभेत हात वर करून. आज इस्रायलमध्ये सुमारे 270 किबुत्झ आहेत, पण 1980 च्या दशकातल्या कर्जसंकटानंतर बहुतेकांनी हा कडक नियम सैल केला. आता बऱ्याच ठिकाणी ज्याचा त्याला पगार मिळतो आणि काही सेवाच सामायिक उरल्यात.

इथे एक तपशील लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. किबुत्झमधल्या माणसाच्या नावावर जमीन नसते. जमीन बहुधा ज्यू नॅशनल फंड या संस्थेची किंवा सरकारची असते आणि किबुत्झ ती भाडेपट्ट्यानं कसतं.

गाय शनिवारीही दूध देते

सुरुवातीचे किबुत्झवाले बहुतांशी समाजवादी आणि देवाधर्माबाबत उदासीन होते, काही तर चिडखोर नास्तिक. धर्म पाळणाऱ्या तरुणांना मात्र दोन्ही हवं होतं: सामूहिक श्रमाचं जीवन आणि तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, शिस्त. 'तोरा आणि श्रम' हे त्यांचं घोषवाक्य. 1935 मध्ये त्यांनी धार्मिक किबुत्झांची वेगळी चळवळ उभी केली. 1937 मध्ये तिरात झ्वी आणि 1939 मध्ये स्दे एलियाहू ही गावं बेत शआनच्या खोऱ्यात वसली.

पुस्तकात जुळणाऱ्या गोष्टी गोठ्यात जुळत नाहीत, हे त्यांना लगेच कळलं. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी काम वर्ज्य. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पण घाणा बंद ठेवता येतो, गाईची कास बंद ठेवता येत नाही. दूध काढलं नाही तर जनावर तळमळतं, आणि जनावराला यातना देणं हेही धर्माला मान्य नाही.

जुना धार्मिक तोडगा सोपा होता: त्या दिवशी बिगरज्यू माणसाकडून धार काढून घ्यावी. किबुत्झवाल्यांना तो पटेना. ज्या गावाचा पायाच 'आपलं काम आपण करू, मजूर लावणार नाही' हा आहे, त्यानं दर शनिवारी शेजाऱ्याला बोलवायचं? मग काहींनी दूध जमिनीवर सांडून दिलं, म्हणजे निदान कामाचा लाभ तरी घेतला असं होत नाही. पुढे यंत्रं आल्यावर वेगळी युक्ती निघाली. वीज बंद असताना सडांना नळ्या लावायच्या. थोड्या वेळानं टायमर आपोआप वीज सुरू करतो आणि दूध निघू लागतं. माणसानं बटण दाबलेलं नसतं. ऐकताना पळवाट वाटते, पण धार्मिक नियमांत थेट कृती आणि अप्रत्यक्ष परिणाम यांत फरक केलेला आहे आणि हे लोक तो फार गांभीर्यानं घेतात. अशी उपकरणं बनवणारी झोमेत नावाची संस्था क्फार एत्झिऑनच्या शेजारीच, अलोन श्वुत या वस्तीत आहे.

दुसरी अडचण दर सातव्या वर्षी येते. त्या वर्षी जमीन पडीक ठेवावी अशी आज्ञा आहे. ताजं असं वर्ष 2021-22 होतं. सगळं उत्पन्न एक वर्ष सोडणं परवडत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूंनी मार्ग काढला: शेतजमीन तेवढ्या काळापुरती कागदोपत्री बिगरज्यूला विकायची. बरेच धार्मिक शेतकरी आजही तो मार्ग वापरतात. ज्या देशात इंचभर जमिनीसाठी रक्त सांडतं तिथे ही विक्री दर सात वर्षांनी शांतपणे होते, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलंय.

एक गैरसमज इथेच दूर करतो. धार्मिक किबुत्झ म्हणजे वादग्रस्त जमिनीवरची वस्ती, असं समीकरण नाही. चळवळीतली बहुतेक गावं इस्रायलच्या 1949 च्या युद्धविराम रेषेच्या, म्हणजे 1967 पर्यंतच्या सरहद्दीच्या, आतच आहेत. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं हल्ला केलेलं अलुमिम, जिथे शेतीचं शिक्षण घ्यायला आलेले 10 नेपाळी विद्यार्थी मारले गेले, तेही धार्मिक किबुत्झच. पण ते रेषेच्या आत आहे. रेषेबाहेरची गावं थोडी. त्यांत क्फार एत्झिऑन, रोश त्झुरिम आणि मिगदल ओझ ही तिन्ही एकाच टापूत आहेत. त्या टापूला गुश एत्झिऑन म्हणतात. गुश म्हणजे गट.

वसली, उठली, पुन्हा वसली

या टापूत पहिला प्रयत्न 1927 चा. येमेनहून आलेल्या आणि जेरुसलेमच्या काही कर्मठ ज्यूंनी मिगदल एदेर नावाची छोटी वस्ती केली. 1929 च्या दंगलीत ती उठली. तिथल्या लोकांना त्या वेळी शेजारच्या बेत उम्मर या अरब गावानं आसरा दिला. दोन्ही बाजूंच्या प्रचारात ही गोष्ट सहसा येत नाही. 1930 च्या दशकात होल्ट्झमन नावाच्या बागायतदारानं जमीन विकत घेऊन पुन्हा सुरुवात केली. जर्मनमध्ये 'होल्ट्झ' म्हणजे लाकूड, हिब्रूत 'एत्झ', त्यावरून एत्झिऑन हे नाव. 1936 चा अरब उठाव झाला आणि तेही बारगळलं.

मग 1943 मध्ये धार्मिक किबुत्झ चळवळीचा एक गट आला. तोवर जमीन ज्यू नॅशनल फंडाकडे आली होती. पुढच्या चार वर्षांत शेजारी आणखी तीन किबुत्झ उभी राहिली, दोन धार्मिक आणि एक डाव्या विचारांचं. जमीन खडकाळ, पाणी कमी, हिवाळा कडाक्याचा. भोवती सगळी अरब गावं.

29 नोव्हेंबर 1947 ला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनची फाळणी मंजूर केली. भारतानं या ठरावाच्या विरोधात मत दिलं होतं. फाळणीच्या नकाशात हा टापू नियोजित अरब राज्यात येत होता, म्हणजे चारही गावं 'पलीकडे' गेली. युद्ध पेटलं. जानेवारी 1948 मध्ये बायका-मुलांना जेरुसलेमला हलवलं. त्याच महिन्यात रसद घेऊन पायी निघालेले 35 जण वाटेत मारले गेले. 13 मे 1948 ला, इस्रायलच्या स्थापनेच्या आदल्या दिवशी, अरब लिजन ही जॉर्डनची फौज आणि आसपासच्या गावांतले सशस्त्र लोक यांच्यापुढे क्फार एत्झिऑन पडलं. लढणाऱ्यांनी शरणागती पत्करल्यावरही त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. शंभरावर माणसं मेली, वाचले जेमतेम चार. महिन्याभरापूर्वी, 9 एप्रिलला, जेरुसलेमजवळच्या दैर यासिन गावात ज्यू सशस्त्र संघटनांनी शंभराच्या आसपास अरब गावकऱ्यांना मारलं होतं. बदल्याची भाषा त्या उन्हाळ्यात दोन्हीकडे होती.

उरलेली तीन किबुत्झ दुसऱ्या दिवशी शरण आली. तिथली माणसं युद्धकैदी म्हणून जॉर्डनला नेली गेली. पुढची 19 वर्षं टेकडीवर जॉर्डनच्या सैन्याचा तळ होता. जेरुसलेमला हलवलेली मुलं तिथे वडिलांशिवाय वाढली. त्या टापूतलं ओकचं एक जुनं झाड सरहद्दीच्या अलीकडून दिसायचं आणि दरवर्षी ती कुटुंबं ते लांबून बघायला जमायची.

1967: नऊ दिवसांचं अंतर

जून 1967 च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक जिंकली. तोवर ती मुलं विशीत आली होती. त्यांच्यातला हानान पोरात हा तरुण पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्याकडे गेला: आम्हाला घरी जाऊ द्या. एश्कोल यांना काय करावं सुचत नव्हतं. त्यांच्या सरकारनं परराष्ट्र खात्याच्या कायदा सल्लागाराचं मत मागवलं.

सल्लागार होते थिओडोर मेरॉन. लहानपणी नाझींच्या श्रमछावणीतून वाचलेले, पुढे युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झालेले. 18 सप्टेंबर 1967 च्या गोपनीय टिपणात त्यांनी स्पष्ट लिहिलं की व्यापलेल्या प्रदेशात नागरी वस्ती करणं चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरुद्ध आहे. वस्ती करायचीच असेल तर ती लष्करी आणि तात्पुरती असावी. गुश एत्झिऑनपुरता, जुने लोक घरी परततात असा मुद्दा काही प्रमाणात मांडता येईल, एवढी फट त्यांनी ठेवली.

27 सप्टेंबरला, म्हणजे नऊ दिवसांनी, पहिली तुकडी टेकडीवर पोचली. बाहेर सांगताना ती लष्करी चौकी असल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते किबुत्झ होतं. सरकारला कायदा माहीत नव्हता, असं आता कुणाला म्हणता येत नाही.

जिनिव्हा कराराचं कलम दोन वाक्यांत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जिंकलेल्या प्रदेशात आपली माणसं नेऊन वसवायची आणि तिथल्यांना हुसकायचं, हे युरोपनं भोगलं होतं. म्हणून 1949 च्या करारातल्या 49 व्या कलमानं ठरवलं की युद्धात प्रदेश ताब्यात घेणाऱ्या देशानं स्वतःचे नागरिक तिथे नेऊन वसवू नयेत.

सातबारा आणि सरहद्द

आता मुख्य गोष्ट. 'ती जमीन आमची आहे' या वाक्यात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळलेले असतात. जमीन कुणाच्या नावावर आहे हा एक. तिथे कुठल्या देशाचं राज्य चालावं हा दुसरा.

मराठी माणसाला हे समजायला बेळगाव पुरेसं आहे. बेळगावजवळच्या मराठी शेतकऱ्याकडे पणजोबांपासूनचा उतारा आहे. तो दाखवून जमीन त्याची ठरते. पण असे हजार उतारे गोळा केले तरी तेवढ्यानं बेळगाव महाराष्ट्रात येत नाही. तो निवाडा वेगळ्या ठिकाणी व्हायचा आहे, आणि महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. उलटही खरं. उद्या निकाल महाराष्ट्राच्या बाजूनं लागला तरी तिथल्या कन्नड शेतकऱ्याचं शेत सरकारजमा होणार नाही. उतारा सरहद्द ओढत नाही आणि सरहद्द उतारा पुसत नाही.

क्फार एत्झिऑनला हे लावून बघा. 1943 ची जमीन रीतसर विकत घेतलेली होती, हे मान्य. मालकी युद्धानं संपत नाही, हेही मान्य. पण त्या मालकीवरून ती टेकडी इस्रायलची होत नाही, जशी दुबईत फ्लॅट घेतल्यानं दुबई भारताची होत नाही. आणि मालकही ते परतणारे तरुण नव्हते, ज्यू नॅशनल फंड होता. त्या मुलांचा दावा होता तो आठवणींचा आणि वडिलांच्या रक्ताचा. माझ्या मते तो खोटा नव्हता. फक्त त्यानं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

'पण वेस्ट बँक जॉर्डनची तरी कुठे होती?'

इस्रायल सरकारचा हा जुना आणि विचार करण्यासारखा युक्तिवाद आहे. 1950 मध्ये जॉर्डननं वेस्ट बँक आपल्यात सामील केली तेव्हा ब्रिटनसारख्या मोजक्याच देशांनी ते मानलं. त्याआधी ब्रिटिशांचं, त्याआधी ऑटोमन तुर्कांचं राज्य. म्हणजे कुणा वैध राज्याकडून हा प्रदेश घेतलेलाच नाही; म्हणून तो 'व्यापलेला' नाही, 'वादग्रस्त' आहे, आणि 49 वं कलम लागू नाही. शिवाय लोक आपखुशीनं राहायला गेले, कुणी जबरदस्तीनं नेलं नाही.

अडचण अशी की तो करार आधीच्या राज्यकर्त्याचं रक्षण करायला केलेलाच नाही, तिथल्या माणसांचं रक्षण करायला केलाय. जॉर्डनचा हक्क कच्चा होता म्हणून बेत उम्मरच्या शेतकऱ्याचं संरक्षण संपत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 2004 मध्ये हेच सांगितलं, आणि 19 जुलै 2024 च्या सल्लामतात त्यापुढे जाऊन इस्रायलचा हा ताबाच बेकायदा ठरवला. सल्लामत बंधनकारक निकाल नसतो, पण जगातलं सर्वोच्च न्यायपीठ काय मानतं ते कळतं. इस्रायलचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालयसुद्धा या भागाकडे युद्धातून आलेला लष्करी ताबा म्हणूनच बघत आलंय. अमेरिकेची भूमिका सरकारबरोबर फिरते: 2019 मध्ये वस्त्या बेकायदा नाहीत असं म्हटलं, फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा बेकायदा म्हटलं.

रोजच्या जगण्यात फरक कसा पडतो? किबुत्झमधल्या माणसावर खटला झाला तर इस्रायली दिवाणी किंवा फौजदारी न्यायालयात. दोन किलोमीटरवरच्या पॅलेस्टिनी तरुणावर झाला तर लष्करी न्यायालयात. एकानं इस्रायलच्या संसदेला मत द्यायचं, दुसऱ्याला ते नाही. टेकडीवर कोण राहतं यापेक्षा मला हे जास्त खटकतं.

'स्वतःच्या घरी परतण्यात गैर काय?'

परतण्यात गैर काहीच नाही. पण मग तो नियम सगळ्यांना लावावा लागेल.

जेरुसलेमहून क्फार एत्झिऑनकडे जाताना बेथलेहेमच्या कडेला दहैशे नावाची निर्वासित छावणी लागते, 1949 मध्ये उभी राहिलेली. तिथे 1948 च्या युद्धात जेरुसलेम आणि हेब्रोनच्या पश्चिमेकडच्या गावांतून उठलेल्या लोकांची मुलंनातवंडं राहतात. ती गावं आज इस्रायलमध्ये आहेत, काहींच्या जागी ज्यू वस्त्या आहेत. या लोकांकडेही कागद आहेत, काहींकडे घराच्या किल्ल्यासुद्धा. त्यांना परत जाता येत नाही. त्या युद्धात सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले आणि इस्रायलच्या 1950 च्या 'गैरहजर मालक' कायद्यानं त्यांची मालमत्ता सरकारी ताब्यात गेली. पूर्व जेरुसलेममध्ये मात्र 1970 च्या कायद्यानं ज्यूंना 1948 पूर्वीची मालमत्ता परत मागता येते. तिथल्या शेख जर्राह या मोहल्ल्यातल्या घरांचे खटले त्यातूनच आले.

यावर इस्रायलचं उत्तर असं की लाखो लोक परत आले तर ज्यू बहुसंख्येचं राज्य उरणार नाही. ही भीती पोकळ नाही. पण ही भीती राज्याची आहे, मालकीची नाही. म्हणजे क्फार एत्झिऑनसाठी मालकीचा नियम आणि दहैशेसाठी राज्याच्या हिताचा नियम, असे दोन वेगवेगळे नियम वापरले जातात. एवढं कबूल केलं तरी चर्चा बरीच प्रामाणिक होईल.

एका टेकडीचा गट कसा होतो

आज गुश एत्झिऑन म्हटलं की 1943 च्या चार गावांची हद्द डोळ्यांसमोर आणू नका. एफ्रात हे दहा हजारांहून अधिक वस्तीचं गाव आणि बेतार इल्लित हे साठ हजारांहून मोठं कर्मठ ज्यूंचं शहर, दोन्ही 1980 च्या दशकातली. हे काही जुन्या किबुत्झांच्या शेतात मावलेलं नाही. मग जमीन आली कुठून?

सुरुवातीला 'लष्करी गरज' म्हणून खाजगी जमीन घेतली जायची. 1979 मध्ये एलोन मोरे या वस्तीच्या खटल्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं नागरी वस्तीसाठी तसं करायला मनाई केली. मग सरकार 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्याकडे वळलं. त्या कायद्यात शेतीची बरीचशी जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात असते, पण अंतिम मालक सुलतान. काही वर्षं सलग कसली नाही तर ती परत सरकारकडे. सुलतानाच्या जागी इस्रायली लष्करी प्रशासन धरलं की डोंगरउतारावरचे बरेच पट्टे 'सरकारी जमीन' ठरतात. त्यात भर म्हणजे जॉर्डननं सुरू केलेली जमिनीची नोंदणी वेस्ट बँकच्या साधारण एक तृतीयांश भागापुरतीच झाली होती आणि 1968 मध्ये इस्रायलनं ती थांबवली. त्यामुळे बऱ्याच शेतकऱ्यांकडे पक्का उतारा नाहीच, जुन्या करपावत्या आहेत.

ऑगस्ट 2014 च्या अखेरीस याच टापूतली सुमारे 4,000 दुनम जमीन एका फटक्यात सरकारी जाहीर झाली. दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, जेमतेम 10 गुंठे; म्हणजे हजारेक एकर झाली. नहालीन गावाजवळ एका ख्रिस्ती पॅलेस्टिनी कुटुंबाचा मळा आहे. त्यांच्याकडे 1916 पासूनचे ऑटोमन काळातले कागद आहेत, आणि तरी ती जमीन सरकारी नाही हे शाबीत करायला ते 1991 पासून कोर्टाच्या पायऱ्या चढतायत. आणि वस्त्यांच्या अगदी मधोमध खिर्बेत झकारिया हे छोटं पॅलेस्टिनी गाव आहे, जिथे नवी खोली बांधायला परवानगी मिळणं दुरापास्त.

क्फार एत्झिऑनची कहाणी इथे ढालीसारखी वापरली गेली. 1948 च्या मृतांचं नाव घेतलं की गुश एत्झिऑनवर कुणी फार बोलत नाही, आणि त्या नावाच्या सावलीत बेतार इल्लितही बसतं, ज्याचा त्या मृतांशी काही संबंध नाही.

'म्हणजे तिथले सगळे कट्टर?'

नाही. 1974 मध्ये वेस्ट बँकभर वस्त्या पसरवण्यासाठी गुश एमुनिम ही चळवळ स्थापन झाली ती क्फार एत्झिऑनमध्येच, आणि हानान पोरात तिच्या म्होरक्यांपैकी एक. पण त्याच टापूतल्या हार एत्झिऑन या धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचे प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहुदा अमिताल, नाझी अत्याचारांतून वाचलेले, यांनी 1988 मध्ये मेमाद हा पक्ष काढला. जमिनीपेक्षा माणसाचा जीव आणि समाजाची एकी मोठी, शांततेसाठी प्रदेश सोडायला हरकत नाही, असं ते धर्माचाच आधार घेऊन सांगत. 1995 मध्ये ते मंत्रीही झाले. मते मात्र त्यांच्या पक्षाला फारशी पडली नाहीत.

हिंसेचीही तीच गत, तिला एक बाजू नाही. जून 2014 मध्ये अलोन श्वुतजवळच्या थांब्यावरून तीन इस्रायली किशोरांचं अपहरण करून खून झाला. त्यातून सुरू झालेली साखळी त्या उन्हाळ्यातल्या गाझा युद्धापर्यंत गेली.

मग हे किबुत्झ उठणार का?

जुनी मालकी असली की वस्ती कायमची, असंही नाही. गाझा पट्टीत क्फार दारोम हे धार्मिक किबुत्झ 1946 मध्ये वसलं, 1948 मध्ये इजिप्तच्या वेढ्यात सोडावं लागलं आणि 1970 मध्ये पुन्हा उभं केलं गेलं. कहाणी जवळजवळ क्फार एत्झिऑनचीच. ऑगस्ट 2005 मध्ये इस्रायलच्याच सैन्यानं ते रिकामं केलं, गाझातल्या इतर वस्त्यांबरोबर.

क्फार एत्झिऑनच्या बाबतीत मात्र वाटाघाटी करणाऱ्यांनी बहुधा वेगळा विचार केलाय. 2000 पासूनच्या बहुतेक प्रस्तावांत युद्धविराम रेषेजवळच्या वस्त्या इस्रायलनं ठेवाव्यात आणि त्या बदल्यात पॅलेस्टाइनला इस्रायलमधली तेवढीच जमीन द्यावी, अशी अदलाबदल आहे. पॅलेस्टिनी वाटाघाटीकारांनीही हे तत्त्व मानलं होतं. टेकडीवरचं हजार माणसांचं किबुत्झ नकाशात बसवणं तसं अवघड नाही. घोडं अडतं ते एफ्रातपाशी. ते 60 नंबरच्या रस्त्याच्या पूर्वेला आहे, आणि बेथलेहेम ते हेब्रोन हा पॅलेस्टिनींचा मुख्य रस्ता तोच. एफ्रात इस्रायलकडे ठेवलं तर तो रस्ता तुटतो. रस्ता ठेवला तर एफ्रातला उठावं लागतं किंवा पॅलेस्टाइनच्या राज्यात राहावं लागतं. एप्रिल 2014 मध्ये शेवटच्या औपचारिक वाटाघाटी मोडल्या. त्यानंतर हा नकाशा टेबलावर आलेला नाही. दरम्यान मे 2025 मध्ये, 1968 पासून थांबलेली जमीन नोंदणी, संपूर्ण इस्रायली नियंत्रणाखालच्या भागात पुन्हा सुरू करायचा निर्णय इस्रायल सरकारनं घेतलाय. त्या भागात, ज्याला 'सी' क्षेत्र म्हणतात, वेस्ट बँकची साधारण 60 टक्के जमीन येते. आता उतारे लिहिले जातील ते याच प्रशासनाच्या कचेरीत.